न काढलेला स्कॅन

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

दोन रविवारांपूर्वी आपल्या आरोग्य पुरवणीत एक लेख आला होता. आजच्या सीटी स्कॅनवरून रुग्णाचं दोन वर्षांनंतरचं फुप्फुस कसं दिसेल, याचं चित्रच आता कृत्रिम बुद्धिमत्ता काढून देते, असा. शेजारीशेजारी दोन चित्रं होती, ‘आज’ आणि ‘दोन वर्षांनी’. लेख चांगला होता, मी कात्रण काढून ठेवलंय. पण त्यातलं एक चित्र स्कॅन होतं आणि दुसरं नव्हतं, आणि हे सांगणारा एक शब्दही खाली छापलेला नव्हता. पत्र त्याबद्दल आहे. लांबलं तर शेवटाकडून कापा, आप्पांची हकिकत तेवढी राहू द्या.

मी मिरजेत एकवीस वर्षं सीटीच्या मशीनवर काम करते. डॉक्टर नव्हे, तंत्रज्ञ. काचेपलीकडून माइकवर ‘श्वास आत घ्या, धरून ठेवा’ म्हणणारी बाई असते ना, ती मी. मशीनमध्ये कंपनीनं आवाज भरूनच दिलेला असतो, पण अथणी-जमखंडीकडून आलेल्या आजीला त्या इंग्रजीचं काय करायचं? तिला कानडीत ‘उसिरु हिडीरी’ म्हणावं लागतं, आणि त्याआधी एकदा आत जाऊन आपली छाती फुगवून दाखवावी लागते. कारण फुप्फुसाचा स्कॅन निम्मा मशीन काढतं आणि निम्मा पेशंट. श्वास अर्धवट घेतला की पाठीकडचा, तळाचा भाग आपल्याच वजनानं दबतो आणि तिथं पांढुरकी झाक येते. ही झाक आणि आजाराची सुरुवात दिसायला सख्ख्या बहिणी. म्हणून शंका आली की पेशंटला पालथं झोपवून पुन्हा स्कॅन घ्यायचा. झाक गेली तर ते वजन होतं, राहिली तर आजार. मग आणखी एक, श्वास पूर्ण सोडायला लावून. हवा जिथं आत अडकून पडते तिथले तुकडे काळेच राहतात, बाकीचं फुप्फुस करडं होतं. गोधडीसारखं दिसतं. हे तिन्ही स्कॅन एकमेकांशेजारी लावले की डॉक्टरांना गोष्ट कळते. एकट्याला अर्थ नाही.

आता आप्पा. शिरोळ तालुक्यातले, वय एकसष्ट, घरचं गुऱ्हाळ. काहिलीवर गुळव्या उभा असतो. आप्पांचं ठरलेलं काम तिच्याखालच्या चुलवाणात चिपाड सारायचं. चिपाड म्हणजे रस काढून उरलेला उसाचा चोथा. तो वाळवून रचून ठेवतात, पावसाळ्यात खालचा थर भिजतो, त्याला बुरशी धरते, आणि हंगाम सुरू होताना तो ढीग उपसला की जो धुरळा उडतो तो थेट छातीत. आप्पांनी तीस-पस्तीस हंगाम हा धुरळा घेतला. ह्या दुखण्याला पुस्तकात बॅगॅसोसिस असं वेगळं नाव आहे. हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस, म्हणजे श्वासातून जाणाऱ्या धुळीच्या वावड्यानं फुप्फुस सुजणं, ह्या मोठ्या कुटुंबातलं ते एक. कबुतरांच्या पिसांमुळे नि विष्ठेमुळे होतं तेही ह्याच कुटुंबातलं. २०२५ मध्ये दादरच्या कबुतरखान्यावरून एवढं रणकंदन झालं, त्यामुळे हे नाव आता बऱ्याच वाचकांच्या कानावरून गेलं असेल.

आप्पांचा पहिला स्कॅन आम्हाला तीनदा घ्यावा लागला. श्वास धरायला सांगितला की खोकला. शेवटी मी आत जाऊन त्यांच्या पोटावर हात ठेवला आणि म्हटलं, ‘आप्पा, विहिरीत बुडी मारताना घेता तसा घ्या.’ तेव्हा कुठं जमलं. तरीही उताण्या स्कॅनमध्ये तळाला झाक होतीच. पालथं केल्यावर ती बरीचशी गेली. मधल्या आणि वरच्या भागात थोड्या रेघा, श्वास सोडल्यावर गोधडी. रिपोर्ट गेला. छातीच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, फुंकायची टेस्ट केली आणि सगळ्यात मुद्द्याचं म्हणजे बजावलं, की चिपाडाजवळ फिरकायचं नाही. तीन महिन्यांनी परत या.

आप्पा आले अकरा महिन्यांनी.

मधल्या काळात काय झालं ते नंतर कळलं. पुतण्या शिकलेला, काकांवर जीव असलेला. त्यानं फिल्म स्वयंपाकघराच्या खिडकीला धरून तिचा फोटो काढला, मोबाईलवरच्या एका एआय ॲपला दिला आणि विचारलं, ‘हेच फुप्फुस दोन वर्षांनी कसं दिसेल?’ ॲपनं नाही म्हटलं नाही. झटक्यात चित्र दिलं: दोन्ही बाजूंना तळापासून अर्ध्यापर्यंत पांढरंफटक, कडेला मधाच्या पोळ्यासारखी भोकं. ते घरच्या ग्रुपवर गेलं, तिथून आप्पांच्या मोबाईलवर. आप्पांनी गोळ्या दीड महिन्यात बंद केल्या. दोन मुलांना बोलावून जमिनीची वाटणी करून टाकली. आणि गुऱ्हाळावर जाणं सोडलं नाही ते नाहीच. मला म्हणाले, ‘बाई, आमचं झालंय की सगळं. चित्र आलंय. आता धुरळा खाल्ला काय आणि न खाल्ला काय.’

मी ते चित्र पाहिलं. पेशंटला रिपोर्ट सांगायचा नाही, हा आम्हा तंत्रज्ञांचा नियम आहे आणि तो मी एकवीस वर्षं पाळलाय. पण हे चित्र काही रिपोर्ट नव्हतं. पुतण्यानं फिल्मवरची जी ओळ टिपली होती ती उताण्या स्कॅनची होती, आणि मोबाईलनं नेमकी ती झाक धरून वाढवली होती, जी पालथं झोपवल्यावर गेली होती. म्हणजे आप्पांच्या अर्धवट श्वासाचा त्यानं आजार केला. दुसरं, त्या पातळीवरच्या कापात मणक्याला लागून डाव्या अंगाला महाधमनीचं गोल वर्तुळ दिसतंच दिसतं. चित्रात ते नव्हतंच. मी म्हटलं, ‘आप्पा, ह्या माणसाला मोठी शीरच नाही. हा दोन वर्षं कसला जगतोय, दोन मिनिटं जगायचा नाही.’ आप्पा हसले, मग खोकले, मग पुन्हा हसले.

त्या दिवशीचा नवा स्कॅन चित्रासारखा मुळीच नव्हता. तळाची झाक तेवढीच, पालथं केल्यावर जाणारी. पण वरच्या भागात, जिथं चित्र स्वच्छ होतं, तिथं नव्या रेघा आल्या होत्या. चित्र दोन्हीकडे चुकलं. जिथं भीती घातली तिथं काही झालं नाही, आणि जिथं धीर दिला तिथं आजार वाढला.

मोबाईलचं ॲप वेगळं आणि संशोधकांची मॉडेलं वेगळी, हे मला कळतं. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी आयपीएफ ह्या फायब्रोसिसच्या, म्हणजे फुप्फुस घट्ट होत जाण्याच्या आजाराच्या, रुग्णांच्या स्कॅनवर शिकवलेलं एक मॉडेल मांडलं आहे. ते रुग्णाचा कुठल्याही तारखेचा अख्खा सीटी तयार करतं. हे काम निरर्थक नाही. आयपीएफचं निदान झाल्यावर निम्मे रुग्ण तीन ते पाच वर्षांच्या पुढे जात नाहीत, पण एखाद्याचं फुप्फुस वर्षात आवळतं आणि दुसरा आठ-आठ वर्षं तसाच चालतो. निंटेडॅनिब, पिरफेनिडोन ही औषधं वेग कमी करतात, गेलेलं परत आणत नाहीत. मग कोणाला लगेच सुरू करायची, हे आधी कळलं तर कोणाला नको आहे? यंत्रावर माझा राग नाही. क्षयरोगाच्या तपासणीत छातीचा एक्स-रे संगणकानं वाचायला जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ मध्येच मान्यता दिली, आणि जिथं रेडिओलॉजिस्ट महिन्यातून एकदा येतो तिथं त्याचा उपयोग काय ते मला कोणी शिकवायला नको. पण तिथं यंत्र समोर आहे ते ओळखतं. इथं ते अजून नसलेलं रंगवतं.

हे रंगवणं कसं चालतं ते माझ्या मुलीनं मला समजावलं. ती सांगलीला कॉम्प्युटर इंजिनिअरिंग करते. जुन्या टीव्हीवर अँटेना हलला की मुंग्या यायच्या, आठवतं? चांगल्या चित्रावर थोड्याथोड्या मुंग्या टाकत जायच्या आणि त्या पुसायला यंत्राला शिकवायचं. हजारो चित्रांवर हे करून झालं की शेवटी नुसत्या मुंग्या दिल्या तरी त्यातून यंत्र चित्र बाहेर काढतं. सगळी मॉडेलं अशीच नसतात, पण आज गाजणारी बरीच अशी आहेत. मी विचारलं, ‘मग जिथं त्याला माहीत नाही तिथं काय करतं?’ म्हणाली, ‘तिथंही चित्रच काढतं, आई. मोकळी जागा सोडत नाही.’

मला तिथंच अडकायला झालं. २०१८ मध्ये माँट्रियलच्या संशोधकांनी दाखवलं होतं, की मेंदूच्या एका प्रकारच्या एमआरआयचं दुसऱ्या प्रकारात रूपांतर करणारी मॉडेलं असलेली गाठ पुसूही शकतात आणि नसलेली उमटवूही शकतात. त्यांना शिकवताना कुठली चित्रं जास्त दाखवली त्यावर ते ठरतं. आणि उमटलेली गाठ खऱ्या गाठीइतकीच रेखीव. आमच्या मशीनला शंका असली की ती दिसते. पेशंट हलला तर रेघ दुहेरी येते, डोस कमी पडला तर दाणे येतात. खऱ्या स्कॅनला आपला खोटेपणा लपवता येत नाही. ह्या चित्रांत मात्र खात्रीचा भाग आणि ठोकून दिलेला भाग सारखेच सफाईदार.

मुलीनं प्रोजेक्टसाठी घेतलेला डेटा २०२० च्या एका स्पर्धेचा होता. ओएसआयसी ह्या संस्थेनं कॅगल ह्या स्पर्धांच्या संकेतस्थळावर ती भरवली होती. फायब्रोसिसच्या रुग्णाचा सुरुवातीचा सीटी आणि थोडी माहिती द्यायची, आणि पुढे कुठल्या आठवड्यात तो किती फुंकेल, म्हणजे त्याची एफव्हीसी किती मिलिलिटर येईल, ते ओळखायचं. शिकायला दिलेले रुग्ण होते १७६. मी तिला म्हटलं, एवढे तर आमच्याकडे आठवड्यात टेबलावर चढतात. (सगळे छातीचे नसतात, ते सोडा.) पण त्या स्पर्धेतली एक गोष्ट मला फार आवडली. नुसता आकडा सांगून भागत नव्हतं; त्या आकड्याबद्दल आपली खात्री किती, तेही लिहावं लागायचं. छाती ठोकून सांगितलं आणि चुकलं तर गुण जास्त जायचे. आणि कोणी कितीही बारीक खात्री सांगितली तरी ७० मिलिलिटरच्या खालची धरायचीच नाही, कारण फुंकायच्या टेस्टमध्येच तेवढी मागेपुढे होते. ह्याला मी प्रामाणिकपणा म्हणते. आकड्याला ‘कमीजास्त’ जोडता येतं. चित्राला कसं जोडणार?

आकड्यानंही माणसं घाबरतात म्हणा. २०२१ च्या एप्रिल-मेमध्ये, कोविडच्या लाटेत, आम्ही रात्रंदिवस एचआरसीटी, म्हणजे छातीचे बारीक कापांचे सीटी, काढत होतो. टेबलावरून उतरायच्या आत पेशंट विचारायचा, ‘पंचवीसपैकी किती?’ आठ स्कोअरचा माणूस बाहेरच्या बाकावर रडत बसलेला मी पाहिलाय आणि अठराचा माणूस पायी घरी गेलेलाही. त्या आकड्याचं जे झालं तेच ह्या चित्राचं होणार, आणि जास्त जोरात होणार. आठ म्हणजे काय हे विचारावं तरी लागायचं. काळ्याचं पांढरं झालेलं फुप्फुस अडाणी माणसालाही वाचता येतं.

आणखी एक गोष्ट आहे, आणि माझ्या दृष्टीनं ती सगळ्यात मोठी. २०१७ मध्ये भारतातल्या १९ शहरांतल्या २७ केंद्रांनी मिळून अशा फुप्फुसरुग्णांची नोंदवही प्रसिद्ध केली. १,०८४ रुग्ण. त्यात आयपीएफचे १३.७ टक्के, आणि आप्पांसारखे हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिसचे ४७.३ टक्के. कारणांमध्ये घरातले एअर कूलर ठळकपणे पुढे आले होते. दमट, साफ न केलेले. युरोप-अमेरिकेत ज्या आजारावर ही मॉडेलं शिकतात, तो आपल्याकडे नोंदवहीत सातवा हिस्सासुद्धा भरत नाही. आयपीएफचं कारणच माहीत नाही, त्यामुळे तिथं स्कॅनवरून पुढचा रस्ता आखायला बघणं समजू शकते. पण ज्याचा आजार चिपाडात आहे, कबुतरांत आहे, कूलरच्या जाळीत आहे, त्याचं पुढचं फुप्फुस ह्यावर ठरतं की तो उद्या सकाळी कुठं जातो. यंत्राला चिपाड दिसत नाही. आप्पांनी गुऱ्हाळ सोडलं तर एक चित्र, नाही सोडलं तर दुसरं, आणि त्यांना दाखवलं गेलं एकच. वर त्या चित्रानंच त्यांना गुऱ्हाळावर ठेवलं.

मशीनचाही फरक असतो. आमच्याकडचे काप एक मिलिमीटरचे, दुसरीकडे पाचाचे. एका मशीनवर फुप्फुस करकरीत दिसतं, दुसऱ्यावर मऊ. संगणक नको त्या गोष्टी पटकन शिकतो. न्यूमोनिया ओळखणाऱ्या एका मॉडेलचा २०१८ चा अमेरिकेतला अभ्यास आहे. एक्स-रे कुठल्या रुग्णालयातला हे त्या यंत्राला जवळपास शंभर टक्के ओळखता येत होतं. त्यासाठी ते कोपऱ्यातल्या ‘एल’सारख्या खुणेकडे बघत होतं. डावी बाजू कळावी म्हणून आम्हीच ठेवतो ती धातूची खूण. आमच्या कामाकडे इतक्या बारकाईनं कोणी बघत असेल असं वाटलं नव्हतं!

माझं म्हणणं एवढंच, की असं चित्र कोणी तयार केलं तर त्याच्यावर, कोपऱ्यात बारीक अक्षरांत नव्हे, फुप्फुसाच्या बरोबर मधोमध, मराठीत छापा: ‘हा स्कॅन नाही. संगणकाचा अंदाज आहे.’ कोपरा व्हॉट्सॲपवर कापला जातो, मध्य जात नाही. एक चित्र देऊ नका, तीन-चार द्या, हलक्यापासून वाईटापर्यंत, आणि कामधंदा बदलला तर काय होईल तेही त्यात असू द्या. पेशंटच्या खऱ्या स्कॅनच्या फोल्डरमध्ये ते ठेवू नका. पाच वर्षांनी कोणी नवा डॉक्टर ते जुना स्कॅन समजून तुलनेला घेईल, आणि आमच्या खात्यात असं होणार नाही असं म्हणणाऱ्यानं एकदा रात्रपाळी करून बघावी. १ एप्रिल २०२० पासून सॉफ्टवेअरसुद्धा वैद्यकीय उपकरणाच्या कायद्यात आलं आहे, आयसीएमआरची एआयबद्दलची मार्गदर्शक तत्त्वं २०२३ मध्ये आली. तेव्हा हा शिक्का सक्तीचा करायला नवा कायदा लागेल असं मला वाटत नाही. आणि तुमच्या दैनिकानंही पुढच्या वेळी चित्राखाली तेवढी ओळ टाकावी.

वाचकांनाही एक विनंती. जुने स्कॅन जपा. आजार कसा पुढे सरकतो हे डॉक्टरला काय आणि यंत्राला काय, एकाच माणसाचे ओळीनं काढलेले स्कॅन पाहूनच कळतं. आमच्याकडे पेशंटचा पहिला स्कॅन सांगलीत, दुसरा कोल्हापुरात, तिसरा मिरजेत. फिल्मा माळ्यावर एकमेकींना चिकटलेल्या, सीडीचा पत्ता नाही. एका मामांना मी त्यांच्या आईच्या दोन वर्षांपूर्वीच्या स्कॅनची सीडी आणायला सांगितली. म्हणाले, ‘ती होय? शाळूच्या रानात पाखरं हाकायला टांगलीय.’ दुसऱ्या दिवशी खरंच घेऊन आले, भोकात सुतळी अडकलेली. चालली नाही.

आप्पांच्या गोळ्या पुन्हा सुरू आहेत. पुढची तारीख दिवाळीनंतरची आहे. गुऱ्हाळाचा हंगामही तेव्हाच धरतो. चुलवाणाचं काम आता सोडलंय असं ते मला सांगून गेले. पुतण्याला बाजूला घेऊन विचारलं, तर म्हणाला, ‘सारत नाहीत आता. पण संध्याकाळी तिथंच जाऊन बसतात, चिपाडाच्या गंजीला टेकून.’

आपली नम्र,
एक सीटी तंत्रज्ञ, मिरज
(नोकरीच्या ठिकाणामुळे नाव छापू नये, ही विनंती.)